धातूला टाकी, हाडाला परांची

नमस्कार श्रोतेहो.

रामबागेत आमच्या आजीचं जातं होतं. ते गुळगुळीत झालं की दळण उतरेना. मग टाकी लावणारा यायचा आणि ओसरीवर बसून छिन्नीनं एकेक टिंब उठवायचा. दगड तोच, पण त्याचं अंग बदललं की पीठ पुन्हा बारीक पडायचं.

हाडांच्या उपचारात आज लेझर हेच काम करतो. आणि लेझर आपल्या इंदूरला नवा नाही. सुखनिवासच्या, लेझरवर संशोधन करणाऱ्या राजा रामण्णा केंद्राची पायाभरणी १९८४ सालची. आपल्या तोंडी मात्र अजून त्याचं जुनं नाव, ‘कॅट’च!

अपघातात किंवा गाठ काढताना हाडाचा मोठा तुकडा गेला, तर ती पोकळी आपोआप भरत नाही. तिथे एक सच्छिद्र आधार बसवतात. मी त्याला परांची म्हणते. राजवाड्याच्या डागडुजीला बांधलेली परांची आठवा. इथले गवंडी मात्र आपल्याच पेशी, आणि त्या परांचीच्या आत राहून हाड बांधतात. म्हणून भोकं साधारण १०० ते ५०० मायक्रॉनची ठेवतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेशींमागोमाग रक्तवाहिन्याही आत शिरायला हव्यात.

पण पेशी कुठेही ठाण मांडत नाहीत. १९५२ साली स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी सशाच्या पायात बसवलेलं टायटॅनियम धातूचं उपकरण काढू पाहिलं, तर ते निघेना. हाडानं त्याला घट्ट धरलं होतं. ही पकड आणखी लवकर, आणखी पक्की कशी बसेल, याचा शोध आजही चालू आहे.

एक वाट टाकीची. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी. तो एक फेम्टोसेकंद. असे काही शे फेम्टोसेकंदांचे लेझरचे ठोके पडतात, तेव्हा उष्णतेला आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही. कडा न जाळता बारीक चरी उमटतात आणि पेशी नांगराच्या तासात बसावी तशी चरीच्या दिशेनं लांबते.

दुसरी वाट लेपाची. हाडातलं खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. त्याच जातीच्या हायड्रॉक्सिॲपटाइटची वडी निर्वात पेटीत ठेवून तिच्यावर लेझर मारतात. वडीतून झोत उसळतो आणि समोरच्या धातूवर बसतो. थर जेमतेम मायक्रॉनभराचा. जाड गिलाव्याला पोपडे धरतात, हे घर बांधलेल्याला सांगायला नको. पण धातू काहीशे अंश तापवला नाही, तर थर नीट स्फटिकरूप होत नाही आणि शरीरात लवकर विरघळतो. आणि पुढे विरून जाणारी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकची परांची तर साठेक अंशांवरच वितळते! तिच्यासाठी लेपाचं द्रव्य द्रावणात गोठवून, त्या बर्फावर हळुवार लेझर मारायची युक्ती काढली आहे.

मला सर्वांत अवघड वाटतो तो आतला भाग. झोत सरळ जातो, वळणं घेत नाही. बाहेरची भिंत छान लिंपली जाते, आणि पेशींना जिथे राहायचं त्या आतल्या खोल्या बऱ्याचदा कोऱ्याच राहतात.

नमस्कार.