स्लोवर गाडी लंगडते तेव्हा

नमस्कार मंडळी. रेडिओवर गाडीबद्दल बोलायचं म्हणजे खरंतर आवाजाबद्दलच बोलायचं, म्हणून आधी तोंडानं आवाज काढून दाखवतो, हसू नका. चांगलं इंजिन स्लोवर, म्हणजे गाडी उभी आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना, असं चालतं: टरररररर. आणि बिघडलेलं असं: टर्र-टर्र-ढप्प, टर्र-टर्र-ढप्प. सिग्नलला उभं राहिलं की स्टेअरिंग थरथरतं, आरशात मागची रिक्षा दोन-दोन दिसते, आणि शेजारी बसलेलं माणूस विचारतं, अहो बंद पडणार का ही?

माझ्याकडे १९९७ सालची, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरची मारुती ८०० आहे, म्हणून तिचंच उदाहरण घेतो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. स्लोवर मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला १५ झाले, आणि प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे तिन्ही मिळून सेकंदाला साडेबावीस ठोके. त्यातला एक गप्प बसला की एक तृतीयांश ताकद गेली! चार सिलिंडरची जुनी पद्मिनी एक सिलिंडर मेला तरी कशीबशी ओढत राहायची, तीन सिलिंडरवाली मात्र लंगडी घालणाऱ्या पोरासारखी उड्या मारायला लागते.

तर पहिलं काम, पाना हातात न घेता नुसतं ऐका. लंगडणं ठेक्यात आहे का? ठेक्यात असेल तर बहुतेक एकच सिलिंडर रुसलाय. आणि ठेका नाहीच, इंजिन आपलं वर जातंय खाली येतंय, वर जातंय खाली येतंय, तर भानगड सगळ्यांची सामाईक आहे, हवेची नाहीतर पेट्रोलची. दुसरं बघायचं ते म्हणजे त्रास कधी होतो. हे मी शिकलो ते पैसे घालवून, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी गाडी स्लोवर उभीच राहीना, पण आंबा घाट तिसऱ्या गिअरमध्ये मस्त चढायची. मी आधी ठिणगी पाडणारे प्लग बदलले, काही फरक नाही. मग एका गॅरेजवाल्यानं कार्बोरेटर खोलून साफ केला, तरी तेच. शेवटी त्यानं स्लोचा स्क्रू पिळला, फेरे वाढवले आणि म्हणाला झालं काम. झालं कसलं, थरथर लपली फक्त! मायलेज पडलं, आणि चावी बंद केल्यावरसुद्धा इंजिन दोन-चार आचके द्यायला लागलं. हा स्क्रू म्हणजे ताप उतरवायची गोळी आहे बघा, ताप कशानं आलाय ते त्यानं कळत नाही.

घाटात चांगली आणि स्लोवर वाईट, यातच उत्तर होतं. स्लोवर थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, इंजिन एवढी-एवढीशी हवा ओढतं, आणि तेव्हा एखाद्या फटीतून चोरून हवा आत शिरली तर त्या घासात ती केवढी मोठी! मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि सिलिंडर नीट पेटत नाही. तेच घाटात थ्रॉटल सताड उघडा, ढिगानं हवा जातेय, त्यात ती चोरटी हवा कोण मोजतंय. उलट गाडी स्लोवर ठीक आणि चढाला, लोड आल्यावर मिस मारत असेल, म्हणजे मधेच ठोका चुकत असेल, तर करंटकडे, म्हणजे ठिणगीच्या विजेकडे बघा, कारण सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगी पडणं अवघड होतं आणि कमजोर वायर तिथेच उघडी पडते.

माझ्या गाडीत निघालं काय, तर मॅनिफोल्डवरून, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोल वाटणाऱ्या नळीवरून निघणाऱ्या बारक्या रबरी पाईपला खालच्या अंगानं चीर. वरून पाईप एकदम ठणठणीत, बोटानं वाकवला तेव्हा तोंड उघडलं त्यानं. सापडला कसा, तर झाडांना मारायच्या साध्या पाण्याच्या फवाऱ्यानं. इंजिन स्लोवर चालू ठेवून एकेका पाईपवर, गास्केटच्या जोडावर थोडं थोडं पाणी मारायचं, प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर आणि वायरी सोडून हं, आणि जिथे मारल्यावर आवाज बदलेल तिथे हवा घेतेय समजा. काही जण पेट्रोल नाहीतर क्लीनर मारतात, गरम इंजिनावर तो खेळ मला नको वाटतो.

करंटसाठी माझी आवडती टेस्ट रात्रीची. अंधारात बोनेट उघडा, इंजिन चालू, आणि आता मात्र प्लगच्या वायरींवर पाण्याचा अगदी हलका तुषार, लांबूनच, हात लावायचा नाही. वायर लीक असेल तर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात, आमच्या पोरांना दिवाळीपेक्षा भारी वाटलं होतं ते. ज्यांची गाडी फक्त पावसाळ्यात सकाळी मिस मारते त्यांनी हे आधी करावं. कुठला सिलिंडर रुसलाय ते शोधायला इंजिन बंद करून एक वायर काढा, तिला जादाचा प्लग लावून तो बॉडीच्या लोखंडाला पक्का टेकवून ठेवा, मग चालू करा. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक नाही पडला? मग तोच कामचुकार. प्लग काढून तोंड बघा: फिकट तपकिरी म्हणजे छान, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, आणि ऑइलनं ओला असेल तर खर्च मोठा आहे, बसून घ्या.

सीएनजी लावलेली जुनी गाडी असेल तर तुमच्याकडे फुकटातला डॉक्टर आहे, तो म्हणजे पेट्रोलचा स्विच. गॅसवर लंगडते आणि पेट्रोलवर नाही, तर गॅसचं सेटिंग तपासा, पण त्याआधी प्लग आणि वायरी, कारण गॅस पेटायला ठिणगी जास्त जोरकस लागते. दोन्हीवर सारखीच लंगडत असेल तर किटवाल्याला शिव्या देऊ नका.

कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनवाल्या गाडीत स्लोचा स्क्रू विसराच. तिथे थ्रॉटल बॉडीत साठलेला काळा थर आणि स्लोची हवा सांभाळणारा छोटा व्हॉल्व्ह, हे दोन साफ करून बघा.

एवढं सगळं करून थरथर तशीच, तर सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरा. तो सारखा बाहेर फडफडला पाहिजे, मधेच आत ओढला गेला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला असायची शंका. आधी व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट बघायला सांगा, फार टाइट झाले तरी असं होतं, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो ते. एक सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजायला लावा: आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. आणि कधीकधी इंजिन बिचारं एकदम ठेक्यात असतं, फक्त त्याखालचं माउंटिंगचं रबर बसलेलं असतं, तेव्हा थरथरते ती नुसती गाडी.

हे सगळं गाडी बाहेर मोकळ्यावर काढून करा हं, बंद गॅरेजमध्ये धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याचा वाससुद्धा येत नाही. आणि रेडिएटरच्या पंख्यापासून ओढणी, बाह्या लांब ठेवा, इलेक्ट्रिक पंखा न सांगता फिरायला लागतो.

माझा तो पाईप, वितभर होता, चहा-वड्याच्या पैशात नवीन मिळाला. स्लोचा स्क्रू मग मीच परत होता तिथे आणला.