साइटवरच्या मालाचे पैसे: सुरक्षित अग्रिमाचा हिशेब

मित्रहो, धुळे, जळगाव आणि नंदुरबारमधील बरेचसे लहान ठेकेदार तुटपुंज्या खेळत्या भांडवलावर कामे ओढतात. लोखंडाचा ट्रक साइटवर रिकामा झाला की व्यापाऱ्याचा तगादा सुरू होतो. मात्र ते लोखंड स्लॅबमध्ये बसून, मोजमाप एम.बी.त (मोजमाप पुस्तकात) चढून आर.ए. बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणारे बिल) निघेपर्यंतचा सगळा भार ठेकेदारावरच असतो. सुरक्षित अग्रिमाची तरतूद त्यासाठीच आहे आणि पात्र ठेकेदाराने ती निःसंकोच मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही रक्कम झालेल्या कामाचा मोबदला नसून, मालाच्या तारणावर दिलेली उचल आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारातील कलम 10 ब नुसार, करारनाम्याबरहुकूम असलेल्या, साइटवर आणून नीट साठवलेल्या, पण अद्याप कामात न वापरलेल्या मालाच्या ठरवलेल्या मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम, ठेकेदाराने तारणपत्र लिहून दिल्यावर मिळू शकते. माल नाशवंत, ठिसूळ किंवा ज्वालाग्राही असेल, तर अभियंत्याची मंजुरी आणि पूर्ण किमतीचा विमा लागतो. राज्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कामात टक्केवारी वेगळी असू शकते, म्हणून आपल्या निविदेतील कलम आधी वाचावे.

मोजणीचा आग्रह मी धरतो, कारण मालासोबत आलेल्या चलनावरचा आकडा उतरवून घेणे म्हणजे मोजणी नव्हे. 16 मिलिमीटर सळईचे वजन मीटरला 1.58 किलो, म्हणजे 12 मीटरची अखंड सळई सुमारे 19 किलोची भरते. भारे सोडून, व्यास तपासून सळया मोजल्या की वजनाचा वाद उरत नाही. साठवणुकीचेही तसेच आहे. सिमेंटची थप्पी 10 गोण्यांहून उंच नको, आणि ती जमिनीपासून 150 ते 200 मिलिमीटर उंच फळ्यांवर हवी. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात ओल किती दिवस टिकते, हे तुम्हाला सांगायला नको. पीव्हीसी पाइप जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील उन्हात उघडे ठेवले असतील, तर अभियंत्याने त्यांवर अग्रिमाची शिफारस करू नये.

उधारीवर आणलेल्या मालाबाबत अधिक सावध राहावे लागते. व्यापाऱ्याची थकबाकी असताना त्याच मालावर शासनाने उचल दिली, तर पुढे एका मालावर दोन दावेदार उभे राहतात; म्हणून बिलाबरोबर पैसे चुकते केल्याची पावतीही घ्यावी.

दिलेल्या उचलीच्या वसुलीत मात्र सर्वाधिक ढिलाई होते. समजा, टनाला 60,000 रुपये मूल्याच्या 10 टन लोखंडावर 90 टक्क्यांनी 5,40,000 रुपये दिले आणि पुढच्या बिलापर्यंत 4 टन वापरले गेले, तर त्या बिलातून 2,16,000 रुपये कापून 3,24,000 रुपये शिल्लक दाखवावेत, आणि तेवढे 6 टन लोखंड साइटवर खरोखर आहे का, हे कनिष्ठ अभियंत्याने त्याच दिवशी जागेवर जाऊन पाहावे.