रेव्ह कमांड: ओळ उलटी करून करायचं काय?

नमस्कार मंडळी, सांगलीतनं बोलतोय. मागच्या व्हिडिओखाली परत तेच, "दादा, ही रेव्ह कमांड कशाला असते, स्वतःचं नाव उलटं वाचून हसायला?" तर घ्या. रेव्ह ही टर्मिनलमध्ये टाईप करायची कमांड, ओळ उलटी करते, संपलं. लिनक्सवर असते, मॅकवर पण असते.

आता कामाचं. कट म्हणून दुसरी कमांड आहे, ओळीचे तुकडे पाडून देणारी. तिला पहिला तुकडा मागा, तिसरा मागा, देतं, पण "शेवटचा दे" असं सांगायची सोयच नाही. आमच्या मामांचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान, त्यांच्या हिशोबाच्या पट्ट्यांच्या फायलींच्या नावात कुठं दोन डॉट तर कुठं पाच, आणि एक्स्टेन्शनप्रमाणे फोल्डर करायला मला पाहिजे फक्त एक्स्टेन्शन, म्हणजे शेवटच्या डॉटनंतरचं. मग रेव्ह मारायचं, शेवटचा तुकडा पहिला येतो, कटला डॉटवर तोडायला सांगून फील्ड एक, म्हणजे पहिला तुकडा, घ्यायचं आणि परत रेव्ह. परत! हात जोडतो, ते दुसरं रेव्ह विसरू नका.

मी विसरलोय म्हणून सांगतो. टेस्ट केली टीएक्सटी फायलींवर, सगळं झकास, कारण टीएक्सटी उलटं केलं तरी टीएक्सटीच राहतं! मग खऱ्या फायलींवर चालवलं तर सीएसव्हीच्या जागी व्हीएससी नावाचा फोल्डर, आणि मामा विचारतायत, ही कुठली नवीन पार्टी रे. पट्टी नंबर 121 वर बघितलं तरी असंच फसाल. आता मी आधी दोन्ही टोकांचे रेव्ह टाईप करतो, कट नंतर मधे घालतो, कंस लिहितो तसं.

हां, "ऑक वापर की" वाले (ऑक म्हणजे ओळींचे तुकडे पाडून काम करणारी आणखी एक कमांड). बरोबर आहे भावा, ऑकमध्ये डॉलर एनएफ लिहिलं की शेवटचा तुकडा मिळतो. पण शेवटचा सोडून बाकी सगळं पाहिजे असेल तर? इथं कटला फक्त "दोनपासून पुढचं" सांगायचं, झालं. त्याला ऑकमध्ये खटपट बघा करून.

आणि मराठीत लिहून बघा. 'सांगली'वर रेव्ह मारलं की वेलांटी सगळ्यात पुढं येऊन लटकते, अनुस्वार गच्या डोक्यावर जातो, सचा काना तुटतो, कारण रेव्हला काना-मात्रा म्हणजे वेगळं अक्षर वाटतं. दुसऱ्यांदा मारलं की परत सांगली. म्हणून रेव्ह, मग ओळी क्रमानं लावणारं सॉर्ट, मग परत रेव्ह, हे मराठीत पण चालतं, शेवट सारखा असलेली नावं जवळ येतात, मामांच्या गावांच्या यादीत दुधगाव, बुधगाव, तासगाव एका खाली एक आले. दुसरं रेव्ह मारलं होतं, विचारू नका.