अंधारातली मोजदाद

[काळा पडदा. लाटांचा आवाज. मधूनच वाळू उडाल्याचा सपकारा.]

चित्र दिसत नाही, ते बरोबरच आहे. तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर रात्री कॅमेरा चालत नाही, टॉर्च चालत नाही, मोबाइलचा उजेडही चालत नाही. फोन खिशात होता, त्याने एवढा आवाज टिपला. हा सपकारा हिरव्या कासवाच्या मादीचा. अंडी घालून झाली आहेत आणि ती वल्ह्यासारख्या पुढच्या पायांनी खड्डा बुजवतेय. यातली ओंजळभर वाळू माझ्या तोंडात गेली.

[बोट. दोन्ही काठांना पाण्यावर वाकलेली झाडी.]

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या या गावाला रस्ता नाही. ला पावोनाच्या धक्क्यावरून बोटीने यायचं, नाहीतर छोट्या विमानाने. स्पॅनिशमध्ये कासवाला तोर्तुगा म्हणतात, त्यावरून गावाचं नाव. पाऊस वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर. मी दापोलीची, पावसाचं कौतुक मला कोणी सांगू नये. पण इथे तीन आठवड्यांत माझा एक कपडा धड वाळला नाही.

मी इथे स्वयंसेवक म्हणून आले. पगार नाही, उलट राहण्या-जेवण्याचे पैसे आपणच भरायचे. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “पैसे मोजून हमाली?” हो, तसंच.

[जुनी छायाचित्रं. मग पितळी रंगाच्या डब्यातले धातूचे टॅग.]

शंभर वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर रात्री जागणारी माणसं वेगळी होती. त्यांना ‘वेलादोर’ म्हणत. अंडी घालायला आलेली मादी दिसली की तिला उताणी करायची. उताणं कासव पळत नाही. मग त्याची रवानगी सूप पिणाऱ्या देशांकडे.

१९५०च्या दशकात आर्ची कार हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ इथे आले आणि त्यांनी माद्यांच्या वल्ह्यांना टॅग लावायला सुरुवात केली. टॅगवर नंबर, पत्ता आणि परत पाठवणाऱ्याला बक्षिसाचं आश्वासन. टॅग परत येऊ लागले, आणि त्यातले बहुतेक निकाराग्वाच्या मच्छिमारांकडून. तेव्हा कळलं की तोर्तुगेरोची कासवं चरायला तिकडच्या समुद्री गवतावर जातात. जाळ्यात सापडलेल्या कासवानेच त्याचा पत्ता सांगितला. १९५९मध्ये संस्था उभी राहिली, तिचं आजचं नाव सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी. १९७५मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. टॅग लावणं मात्र अजून चालूच आहे, आणि त्यातले काही मी लावलेत.

[पहाटेचा किनारा. ओल्या काळसर वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग. झुडपाला बांधलेली फीत.]

ही फीत नीट बघा.

रात्री आठची एक पाळी, बाराची दुसरी. काळे कपडे, लाल दिवा, तोही अगदी गरजेपुरता. माग दिसला की पुढे जायचं नाही, थांबायचं. मादी खड्डा खणून अंडी घालायला लागली की मागून जवळ जायचं, वाळूत पालथं पडायचं आणि हातातल्या काउंटरवर एकेक अंडं मोजायचं. दोन-दोन, तीन-तीन पडतात, ओली, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. साधारण शंभर-सव्वाशे. शिंक आली तर गिळायची.

मोजणीबरोबरच मागच्या झाडीत तीन ठिकाणी तीन फिती बांधायच्या आणि प्रत्येक फितीपासून घरट्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत लिहायचं. दोन महिन्यांनी पिल्लं निघून गेल्यावर हे घरटं शोधायचं असतं. तोवर वाळूवर काहीच खूण उरलेली नसते. तीन टेप ओढायचे, ते जिथे एकत्र येतील तिथे खणायचं. एखादी फीत वाऱ्याने गेली तरी दोन उरतात.

[दिवस. हातमोजे. खांद्यापर्यंत वाळूत गेलेला हात.]

हे घरटं जूनमध्ये कोणीतरी नोंदवलेलं. अक्षर डावखुऱ्या माणसाचं वाटतं. तो केव्हाच आपल्या देशी गेला असेल. खणतेय मी.

वर येतायत ती टरफलं. अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर एक, लहान असेल तर धरायचा नाही. ही रिकामी, एकीकडे. ही न फुटलेली, दुसरीकडे. ती फोडून आत गर्भ किती वाढला होता ते बघायचं. वास पडद्यातून येत नाही, नशीब तुमचं. ब्याण्णव रिकामी. अकरा न फुटलेली. आणि हे...

[तळहातावर एक पिल्लू. पंधरा सेकंद निवेदन नाही.]

मुळांत अडकलं होतं.

[वाळूवर पंजाचे ठसे. मादीचं रिकामं कवच. वर गिधाडं.]

हे जॅग्वारचं काम. जंगल किनाऱ्याला लागूनच आहे. त्याचीही नोंद होते.

वाळू तापते तशा अंड्यांतून माद्याच जास्त निपजतात, आणि गेल्या काही वर्षांत इथली घरटी घटू लागल्याचंही मोजणीतूनच पुढे आलंय. दक्षिणेला मोइनच्या किनाऱ्यावर २०१३मध्ये हायरो मोरा सांदोव्हाल या २६ वर्षांच्या रक्षकाचा गस्तीवर असताना खून झाला. तिथे आम्ही गेलो नाही.

[वेळास. मार्च. कुंपण, आत घरट्यांवर ओळीने उपड्या टोपल्या.]

कोकणात, मंडणगड तालुक्यातलं वेळास. इथली कासवं वेगळी, ऑलिव्ह रिडले. पद्धतही वेगळी: अंडी उचलून या कुंपणात पुरतात, त्यामुळे फिती लागत नाहीत. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२मध्ये हे सुरू केलं. शाळेत असताना मी याच कुंपणाबाहेर ताटकळले होते. तेव्हा पिल्लं बघायची होती. आता घरटी सांभाळणाऱ्या काकांना आधी वही मागितली.

“वही कशाला?” म्हणत त्यांनी दिली. तारीख, घरटं, अंडी, पिल्लं. रकाने तेच.

सकाळचे सात. काका पहिली टोपली उचलतात. काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी.

“संध्याकाळी बघू,” म्हणाले, आणि टोपली परत पालथी घातली.