दुर्बिणीतला निळा उजेड

(दृश्य : मिरज, पहाट. स्टेशनबाहेर रिक्षांची रांग.)

विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना काढला. तेव्हापासून माणसं मिरजेला दुखणं घेऊन येतात. तासगावच्या या द्राक्षबागायतदाराला मात्र काहीच दुखत नाही. थोरल्या भावाला ४६व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, म्हणून डॉक्टरांनी यांनाही दुर्बिणीच्या तपासणीला बोलावलंय.

"शेवटी पाण्यासारखं साफ झालं का, काका?" सिस्टर विचारतात. रात्रभर जुलाबाच्या औषधाचं पाणी पिऊन काका दमलेत. नुसती मान हलवतात.

(दृश्य : मॉनिटर.)

दुर्बीण आतड्याच्या टोकाला पोचली. खरी तपासणी आता, परत येताना. काही सापडलं नाही तरी या परतीला किमान ६ मिनिटं द्यायचीच. शोधायचे ते आतड्याच्या आतल्या बाजूला उगवणारे कोंब, म्हणजे पॉलिप. देठावर लोंबणारा कोंब लगेच दिसतो. फसवतो तो चपटा, घडीआड बसलेला, आतड्याच्याच रंगाचा. एकाच माणसाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांत पहिल्या खेपेला साधारण पाचातला एक कोंब निसटलेला आढळलाय.

(बटणाचा आवाज. पडदा निळसर हिरवा.)

हे नॅरो बँड इमेजिंग. पांढऱ्या उजेडातले दोनच पट्टे ठेवले : ४१५ नॅनोमीटरचा निळा, ५४०चा हिरवा. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमके हेच शोषतं. निळा फार खोल जात नाही, त्यामुळं वरवरच्या केशवाहिन्या तपकिरी होऊन उठून दिसतात. पुढं कॅन्सर होऊ शकणाऱ्या कोंबांत, म्हणजे अडिनोमात, या वाहिन्यांची जाळी दाट असते.

पण याच उजेडात आतड्यात उरलेला मळ, पित्त रक्तासारखं लाल दिसतं आणि सगळं झाकून टाकतं. यंत्र कितीही भारी असो, रात्रीचं औषध अर्धवट पिऊन चालत नाही. सिस्टरचा तो प्रश्न म्हणूनच.

उजवीकडच्या एका घडीवर डॉक्टर थांबतात. इंडिगो कार्माइन फवारतात. हा निळा रंग आतड्यात मुरत नाही, खाचाखाचांत साचतो. हळूहळू एक कड उमटते. चपटा कोंब, जेमतेम ५ मिलिमीटर. तारेच्या फासानं कापून बाटलीत. असल्या कोंबाचा कॅन्सर व्हायला बहुतेकदा १० वर्षं तरी लागतात.

(दृश्य : दुपार. चहा.)

"पान उलटल्याशिवाय द्राक्षावरचा डाऊनी रोग कळत न्हाई, तसंच की हे," काका म्हणतात.

डॉक्टर विचारतात, "घरात आणखी कोण भावंडं?"

"दोघी बहिणी. एक विट्याला, एक जतला."

डॉक्टर दोघींची वयं लिहून घेतात.