नरकासुर डोळे का मिटत होता?

मंडळी, गोव्यातल्या फोंड्यात बॅटरीवरच्या सर्किटविषयी बोलायचं तर नरकासुराला, म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या त्याच्या पुतळ्याला, टाळून चालत नाही. इथल्या कितीतरी पोरांनी पहिलं सोल्डरिंग त्याच्याच पोटात शिरून केलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराला लाल डोळे बसवले. एकेका डोळ्यात १६ एलईडींचं कडं, मागे आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड, खाली १२ व्होल्टची स्कूटरची बॅटरी. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गर्दी जमली आणि डोळे आपोआप मिटायला-उघडायला लागले. "पळय रे, दोळे धांपता!" बायाबापड्या खूष, पोरंटोरं खूष. प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा तेवढा हळूच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, मी असं काही लिहिलेलंच नाही."

मी पाठीमागून आत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. चटका! १२ व्होल्टचे ५ करणारा भाग, ७८०५ रेग्युलेटर, तापला होता. पोरं म्हणाली, "माल डुप्लिकेट असणार, संध्याकाळपासून दोन बदलले." इथेच आपण सगळे फसतो. जो तापला तोच बिघडला, असं धरून चालतो. तिसरा बसवला असता तरी तोही तापलाच असता, कारण बिचारा आपलं काम चोख करत होता.

हिशेब करा. लाल रंगात एका एलईडीला साधारण २० मिलीअँपिअर, म्हणजे ३२ एलईडींना ६४० मिलीअँपिअर. भरलेली बॅटरी देते १२.६ व्होल्ट, आपल्याला हवे आहेत ५. मधले ७.६ व्होल्ट ७८०५ने अंगावर घ्यायचे. ७.६ गुणिले ०.६४, जवळजवळ ५ वॅट. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचा पाचवा हिस्सा नखाएवढ्या वस्तूत! हीट सिंक, म्हणजे उष्णता पसरवणारी धातूची पट्टी, नसेल तर तो दर वॅटला सुमारे ६५ अंशांनी चढतो. कागदावर आकडा ३०० अंशांच्या पुढे जातो. तिथवर तो पोचत नाही, कारण दीडशेच्या आसपास आतली सुरक्षा त्याला बंद करते. थंड झाला की पुन्हा चालू. झाली डोळ्यांची उघडझाप.

तर काही तापलं की आधी बॅटरी काढा. लिथियमचा सेल फुगलेला दिसला, किंवा काही न जोडता गरम लागला, तर पुढची तपासणी नको. तो उघड्यावर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवायचा आणि पुन्हा वापरायचा नाही. बाकी ठीक असेल तर बॅटरीच्या वायरीत गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब ओळीत (सिरीजमध्ये) जोडून मग सर्किट चालू करा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही. फ्यूज उडवत बसण्यापेक्षा हे स्वस्त. बोट लावून बघायचं असेल तर लक्षात ठेवा, साठ अंशांना बोट टिकत नाही, आणि पुष्कळ भाग साठ अंशांना सुखाने चालतात. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो. आधी काळी टेप चिकटवा.

आता हात हलवणारी मोटार. भंगारातली वायपरची मोटार, तिला चालू-बंद करायला आयआरएफझेड४४एन मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि त्याच्या गेटला, म्हणजे हुकूम घेणाऱ्या पायाला, आर्डुइनोचे ५ व्होल्ट. हा मॉसफेट पुरता उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. अर्धवट उघडला तर मधे अडून बसतो. मोटार चालू ठेवून ड्रेन आणि सोर्स, म्हणजे ज्यांतून मोटारचा करंट जातो त्या दोन पायांमधले व्होल्ट मोजा. ३ अँपिअरला १ व्होल्ट दिसला तर ३ वॅट तिथेच जळतात. नीट उघडलेला असता तर पाव वॅटही जळला नसता. इलाज म्हणजे ५ व्होल्टवर उघडणारा आयआरएलझेड४४एन, नावात एका अक्षराचा फरक.

एकाने ७८०५ आणि मॉसफेट दोन्ही एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने आवळले. ७८०५ची पाठ ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला, असते, मॉसफेटची ड्रेनला. मधे वीज अडवणारी अभ्रकाची चकती घातली नव्हती, म्हणून ड्रेन थेट ग्राउंडला जोडला गेला. मोटार थांबेचना! नरकासुर रात्रभर गदा फिरवत राहिला.

मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, पावसाळा काढलेले कनेक्टरही बघा. हिरवट पुटं चढलेल्या पिनेवर ४ अँपिअरला ०.४ व्होल्ट पडला की दीड वॅटहून जास्त उष्णता, आणि प्लास्टिक मऊ. नवी पिन दाबून बसवा. घासून फार दिवस निभत नाही.

डोळ्यांचं काय झालं? पुढल्या वर्षी ७८०५ काढून एलएम२५९६चं बक मॉड्यूल घातलं. जास्तीचे व्होल्ट जाळण्याऐवजी ते सेकंदाला दीड लाख वेळा करंट चालू-बंद करतं, त्यामुळे पाचाऐवजी पाऊण-एक वॅटच वाया गेला आणि बॅटरी जवळपास दुप्पट वेळ पुरली. डोळे रात्रभर एकसारखे जळत राहिले. लोक म्हणाले, गेल्या वर्षीचा बरा होता, डोळे तरी मिटायचा. शेवटी पहाटे जाळायच्या तासभर आधी त्या पोराने मांडीवर लॅपटॉप घेतला आणि उघडझाप प्रोग्रॅममध्ये लिहून टाकली.