माळ्यावर मेलेला पॅक

मित्रहो, वागळे इस्टेटमधल्या कारागिरांपुढे लिथियम-आयन बॅटरीचा इतिहास उगाळत बसण्यात अर्थ नाही. सोनी कंपनीने ती १९९१ साली बाजारात आणली, एवढे सांगून मी थेट तुमच्या ड्रिलच्या बॅटरी पॅककडे येतो.

ठाण्यात दरवर्षी गणपतीच्या आसपास एकच तक्रार कानावर येते. जूनमध्ये बाहेरचे काम थांबले म्हणून मशीन पॅकसकट माळ्यावर गेले, आणि आता पॅक चार्जरवर लावला तर दिवा नुसता लुकलुकतो. मग कोणी तो पॅक टाकून देतो, तर कोणी दुरुस्तीवाल्याकडून त्यातला मेलेला तेवढाच सेल बदलून घेतो. मला दोन्ही मार्ग पटत नाहीत, आणि त्यातही दुसरा अधिक धोक्याचा वाटतो.

अठरा व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. मोठ्या पॅकमध्ये दहा सेल, म्हणजे समांतर जोडलेल्या सेलांच्या पाच जोड्या. (याच रचनेवर कोणी ‘२० व्होल्ट’ छापतो, तो पूर्ण चार्ज झालेल्या बिनभाराच्या पॅकचा आकडा असतो; त्याने मशीनचा जोर वाढत नाही.) आतला सर्किट बोर्ड मशीन बंद असतानाही किंचित वीज घेत राहतो, आणि काही कंपन्यांच्या पॅकमध्ये ती पाचही जोड्यांतून सारखी न घेता एकाच जोडीतून घेतो. काही महिन्यांत ती जोडी २.५ व्होल्टच्या खाली जाते आणि बाकीच्या चार ठणठणीत राहतात. म्हणून पॅकचा एकूण व्होल्टेज पाहून निदान करू नये. पॅक उघडून मल्टिमीटरने प्रत्येक जोडी वेगळी मोजावी.

चार्जर नकार देतो तो उगाच नव्हे. सेल फार खाली जाऊन तसाच पडून राहिला की ऋण बाजूच्या पत्र्यातले तांबे आतल्या द्रावणात विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. दुसऱ्या पॅकच्या वायरी लावून असा सेल ‘जागा’ करण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास चालते. तो जागा होतो खरा, पण पुढे त्याचा भरवसा राहत नाही.

एकच जोडी नवी घातली तर तिची क्षमता जुन्या चारांपेक्षा जास्त असते, वीज मात्र पाचही जोड्यांतून सारखीच वाहते. त्यामुळे जुन्या आधी तळाला जातात, आणि पॅकमध्ये जोड्या समतोल करणारी व्यवस्था नसेल, तर ही तफावत दर चार्जला वाढते. बदलायचे तर सगळे सेल, एकाच लॉटमधले आणि जोडण्यापूर्वी सारख्या व्होल्टेजवर आणलेले घ्यावेत.

सेल घेताना क्षमतेच्या आकड्याला भुलू नये. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या डब्यात ९९०० मिलिअँपिअर-तास मावतच नाहीत. चांगल्यात चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो. ड्रिलला हवा असतो सतत २० अँपिअर देऊ शकणारा सेल, मग त्याची क्षमता २५०० असली तरी चालेल. जुन्या लॅपटॉपमधले सेल या भाराखाली तापतात.

जोडणी स्पॉट वेल्डिंगनेच करावी. डाख देताना लागणारी उष्णता सेलच्या आतल्या सीलपर्यंत पोहोचते. सेल जोडायच्या पट्टीत निकेलच्या नावाखाली मुलामा दिलेले लोखंड विकले जाते, म्हणून ती ओरखडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावी. गंज चढला तर ती परत करावी. आणखी एक गोष्ट मी ठिणगी उडवून शिकलो: सेलचा संपूर्ण डबा ऋण असतो, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत, त्यामुळे तिथली वीज अडवणारी कागदी चकती वगळून चालत नाही.

काही बोर्ड एकदा बिघाड नोंदवला की कायमचे कुलूपबंद होतात आणि नव्या सेलांनाही दाद देत नाहीत. तिथे मी सरळ नवा पॅक घ्यायला सांगतो. काढलेल्या सेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. ते घंटागाडीत टाकू नयेत, कारण कचरा दाबला गेला की आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

आणि येत्या जूनमध्ये मशीन माळ्यावर चढवण्याआधी पॅक काढून वेगळा ठेवा, तोही अर्धा भरलेला, आणि नागपंचमीच्या सुमारास एकदा खाली उतरवून त्याचे दिवे पाहा.